गजराआत्या आणि दुर्पाची पहिली गोधडी

फार वर्षांपूर्वी, घाटातून गाडीरस्ता निघायच्याही आधी, गारमाळ नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या गावात गजराआत्या राहायची. गारमाळ आजही तिथंच आहे आणि थंडीही तशीच आहे. खाली कोकणात माणसं उघड्या अंगानं अंगणात झोपायची, त्या दिवसांत वर गारमाळात म्हशींच्या पाठीवर पोती टाकावी लागायची. सकाळी गवतावर असं दहिवर साचायचं की अनवाणी चालणाऱ्याची पावलं बधिर व्हायची. अशा गावात गोधडी शिवणाऱ्या बाईला काय मान असेल, ते मी वेगळं कशाला सांगू!

आत्याचं लग्न करून दिलं होतं, पण दिवस फिरले, नवरा गेला आणि ती तरणीताठी माहेरी परत आली. भावाची पोरं तिला आत्या म्हणायची. ऐकून ऐकून शेजारची म्हणू लागली. ती पोरं मोठी झाली, त्यांना पोरं झाली, तीही आत्याच म्हणू लागली. शेवटी गावात तिच्या वयाचं कुणी उरलं नाही, आणि काठी टेकत चालणारे म्हातारेसुद्धा तिला आत्या म्हणायला लागले.

तिच्या गोधडीखाली तापलेलं अंग निवायचं, असं म्हणतात. किरकिरं पोर गप्प व्हायचं. बाळंतिणीची धरलेली कंबर सुटायची. कुणाचं दुखणं वाढलं, की घरचे वैद्याकडे माणूस धाडायच्या आधी आत्याच्या गोधडीची घडी मोडायचे.

आता ही किमया तिला कशी साधली? तर आत्याला कापडाचं बोलणं ऐकू यायचं. कुणी जुनं लुगडं आणलं, धोतर आणलं, की ती ते गालाला लावायची आणि डोळे मिटून घटकाभर बसायची. "कापड अंगावर राहून राहून माणसाचं समदं ऐकतं," ती म्हणायची. मग लुगडं गालावरून काढून सांगायची, "हे लई हसलंय. हे वर लावू." नाहीतर म्हणायची, "ह्याच्यात रडणं हाय. हे आत."

हसरी कापडं गोधडीच्या वरच्या अंगाला आणि खाली अस्तराला. रडकी कापडं दोन्हींच्या मधल्या थरात. "रडण्यालाबी ऊब असती," आत्या म्हणायची, "पण ती अंगाला लागू द्यायची न्हाई." तिनं आयुष्यभर हेच केलं. गावाचं सगळं रडणं तिनं मधल्या थरात घातलं आणि वरून बारीक धावदोरा घालून बंद करून टाकलं.

गाव सुखानं निजलं. आत्या मात्र निजेना.

कारण गालाला लावलेलं कापड जे सांगायचं, ते जाणार कुठं? कुणाचा पोरगा कड्यावरून गेला, कुणाला सासूनं डागलं, कुणी कुणाची आयुष्यभर वाट बघितली आणि कुणाला कळू दिलं नाही. हे सगळं तिनं ऐकलं आणि कुणाजवळ बोलली नाही. दुसऱ्याच्या कापडानं सांगितलेलं चारचौघांत कसं बोलणार? ते तिच्या बोटांत उतरलं, तिथून मनगटात, तिथून खांद्यात. भांड्यात पाणी भरत जावं तशी ती भरत गेली. स्वतःच्या अंगावर ती कधी गोधडी घेत नसे. एक काळं कांबळं होतं, धनगरानं दिलेलं, तेवढंच पांघरायची. "मेंढराचं दुःख मला कळत न्हाई," ती भाच्याला म्हणायची, "तेवढंच बरं हाय." पण कांबळ्यातही झोप यायची नाही. ती पडून राहायची आणि बोटं आपोआप टाका घातल्यासारखी हलत राहायची.

मग एका वर्षी, दिवाळी उलटून गेली होती, कुणीतरी आपल्या बापाचं धोतर घेऊन आलं. बाप नुकताच गेला होता. आत्यानं धोतर हातात घेतलं, गालापर्यंत नेलं, आणि तसंच खाली ठेवलं.

"न्हाई जमायचं," ती म्हणाली.

"आज न्हाई तर उद्या शिवा, आत्या."

"उद्याबी न्हाई. बास झालं बाबा. माझं अंग भरलंय. आता एक चिंधीबी उचलवत न्हाई."

लोकांना वाटलं, चार दिवसांनी येईल ठिकाणावर. कुणी गूळ आणला, कुणी तुपाची वाटी आणली. आत्या म्हणायची, "घेऊन जावा." मग लोक चिडले. आत्याला गर्व झालाय, असं पाणवठ्यावर बोलू लागले. ते तिच्या कानावर आलं. पण रागवायचं म्हटलं तरी अंगात जीव लागतो, आणि तिच्या अंगात तेवढाही उरला नव्हता. ती दिवसभर ओट्यावर बसायची. ऊन सरकेल तशी सरकायची. ऊन गेलं की आत जायची.

त्या गावात दुर्पा नावाची एक सून होती. खालची, कोकणातली. घाट चढून नांदायला आली तेव्हा तिच्याजवळ धड कांबळंसुद्धा नव्हतं. गारमाळची थंडी तिला पहिल्यापासून सोसली नाही. तिची दोन बाळं, एकापाठोपाठ एक, थंडीच्याच महिन्यांत गेली. तेव्हापासून गाव म्हणायला लागलं, की दुर्पाच्या हाताला यश नाही. तिनं हात लावलेलं दूध नासतं, तिनं रुजवलेला वेल धरत नाही. सासू तशी वाईट नव्हती. पण तीही दही लावायचं असलं की दुर्पाला म्हणायची, "तू राहू दे, मी लावते."

त्या साली दुर्पाला तिसरं बाळ झालं. मुलगी होती. बारसं केलं नव्हतं. आधीच्या दोघांची नावं ठेवली आणि ती गेली, म्हणून ह्या वेळी कुणी नावाचा विषयच काढत नव्हतं. बाळाचे ओठ सकाळी जांभळे व्हायचे. दुपारी ऊन वर आलं की लाल व्हायचे. दुर्पा रोज ते ओठ बघायची.

ती आत्याच्या ओट्याशी आली आणि खाली उभी राहिली. बाळ पदराखाली होतं.

"आत्या, पोरीला गोधडी पायजे."

"मी सोडलं शिवायचं. कुणी सांगितलं न्हाई तुला?"

"सांगितलं."

"मग?"

दुर्पानं पदर बाळाभोवती आवळला. तिथंच ओट्याच्या कडेला बसली. ऊन सरकलं तशी आत्या सरकली, आणि दुर्पाही सरकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही आली. ती गयावया करत नव्हती, पाया पडत नव्हती. बाळाला पाजायची, बाळाचे ओठ बघायची आणि बसून राहायची. आत्याला वाटायचं, ही रडली असती तर हाकलता आली असती.

एका दुपारी आत्यानंच तोंड उघडलं. "मी सुईला हात लावायची न्हाई. ते डोक्यातनं काढून टाक."

"व्हय."

"पण तू शिवत असशील तर मी बसून सांगेन."

दुर्पानं आपल्या हातांकडे बघितलं. "माझ्या हाताला यश न्हाई, आत्या. समदी म्हणत्यात."

"समदी मला आता गर्विष्ठ म्हणत्यात," आत्या म्हणाली. "जा. कापड घेऊन ये."

दुर्पा धावत घरी गेली आणि आली ती आपलं लग्नातलं हिरवं लुगडं घेऊन. पेटीतून काढलेलं, कापूर घातलेलं, एकदाच नेसलेलं. तिच्याजवळ त्याहून चांगलं काही नव्हतं. आत्यानं ते नुसतं चिमटीत धरून बघितलं.

"नेऊन ठेव. ह्याच्यात अजून खळ हाय. सुई घालशील तर बोटं फुटतील. आणि ऊबबी द्यायचं न्हाई हे. नवं कापड कुणालाच वळखत न्हाई. धुऊन धुऊन ज्याचा जीव मऊ झालाय, असलं आण."

असलं कापड दुर्पाच्या घरात कुठलं असणार? ती गावात फिरली. दारोदार उभी राहून म्हणाली, एक तुकडा द्या, पोरीला गोधडी शिवायची. आता ह्या बाईच्या हाती आपल्या घरचं चांगलं कापड कोण देणार? कुणी पोत्याचा तुकडा दिला. कुणी रेशमी पागोट्याचं विटलेलं टोक दिलं. कुणी घोंगडीचं, कसरीनं खाल्लेलं. दुर्पानं जे मिळेल ते गाठोड्यात बांधलं आणि ओट्यावर आणून सोडलं.

आत्यानं ढीग बघितला आणि तिला सगळं गाव बसल्या जागी कळलं. गालाला लावायची गरजच पडली नाही.

"बस हितं," ती म्हणाली. "हे रेशीम बाजूला काढ. पहिल्या गोधडीला रेशीम घ्यायचं न्हाई. ते निसटतं. तू टाका घालशील हितं, ते जाईल तिकडं. हे गोणपाट काढ. हे लोकरीचंबी काढ. जाड आणि पातळ एकत्र घातलंस, तर सुई एकीकडं धावंल नि एकीकडं अडंल, आणि धुतल्यावर एक आटंल नि दुसरं फुगंल. पहिल्या खेपेला एका जातीचं कापड. समदं सुती. समदं सारखं वापरलेलं. आता हे घे, दोन्ही हातांनी ओढ."

दुर्पानं ओढलं. टर्रकन फाटलं.

"बरं झालं. आधीच सांगितलं बिचाऱ्यानं. गोधडीत जाऊन फाटलं असतं, तर?"

ओढून ओढून, उजेडाला धरून धरून शेवटी हातात राहिला तो एवढासा ढीग. त्यात बाळाचं डोकंसुद्धा झाकलं नसतं. दुर्पाचा चेहरा उतरला. आत्याचे खांदे दुखत होते. आत जाऊन पडावं असं तिला वाटत होतं. पण पदराखालच्या बाळानं बारीक आवाज केला, थंडीनं दात वाजल्यासारखा, आणि त्याला तर दातही नव्हते.

"परत जा गावात," आत्या म्हणाली. "पण आता मागू नको. दारात उभी राहू नको. आत जाऊन बस, आणि त्यांनी जो तुकडा दिला होता तो दाखव. विचार, हे कुणाचं होतं? एवढंच विचार आणि ऐक."

दुर्पा गेली. पहिल्या घरी तिनं निळ्या चिटाचा एक तुकडा पुढे धरला आणि विचारलं, "हे कुणाचं हो?" घरची बाई म्हणाली, "कुणाचं का असंना, तुला काय करायचंय?" पण तिची नजर तुकड्यावर पडली आणि ती थांबली. म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीचा परकर होता तो." मग ती बहिणीविषयी बोलू लागली. बोलता बोलता चूल विझली तरी तिला कळलं नाही. दुर्पा नुसती ऐकत होती. शेवटी ती बाई उठली, आत गेली आणि त्याच चिटाची अख्खी चोळी घेऊन आली. "हे घे," ती म्हणाली. "मी उगाच जपून ठेवलंय."

असं घरोघर झालं, असं म्हणतात. ज्यांनी दाराबाहेर चिंधी टाकली होती, त्यांनीच पेट्या उघडल्या. कुणी बापाचा सदरा काढला, कुणी सवतीचं लुगडं काढलं. एका म्हाताऱ्यानं बायकोच्या खणाचा काठ दिला आणि तो ह्या वयात पोरासारखा हुंदके देत रडला. दुर्पा कोकणातली, तिला वरच्या लोकांच्या नात्यागोत्यांचा पत्ता नव्हता. त्यामुळे तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागे. आणि सांगणाऱ्यालाही ते पहिल्यापासून सांगायला मिळालं.

ती कापडं ओट्यावर आली. आत्यानं सवयीनं एक लुगडं उचललं आणि भीतभीत गालाला लावलं. ती कितीतरी वेळ तशीच बसली.

"काय झालं, आत्या?"

"कुणाचं हे?"

"वरच्या आळीतल्या कोंडाबाईच्या आईचं. ती हिरीत..."

"ठावं हाय. पण हे काही बोलंना गं." आत्यानं लुगडं दुसऱ्या गालाला लावलं. "कुणी सांगितलं तुला हे?"

"कोंडाबाईनंच. लई रडली."

आत्यानं लुगडं मांडीवर ठेवलं. तोंडानं बोललं गेलं होतं, म्हणून कापडाला बोलायचं राहिलं नव्हतं. हे इतकं साधं होतं, आणि इतक्या वर्षांत तिला सुचलं नव्हतं. आता सुचून काय उपयोग, असं तिच्या मनात आलं. "पाटावर मांड समदं," एवढंच म्हणाली.

मग कापायला बसल्या. दुर्पाला वाटत होतं आत्याच्या गोधड्यांवर असतात तशा चांदण्या कराव्यात, त्रिकोण जोडावेत, डाळिंबाचे दाणे भरावेत. आत्यानं मान हलवली. "त्रिकोण तिरपा तणावतो. शिकल्याली बाईबी चुकती त्यात. तू चौकोन काप. तळव्याहून मोठा, दोन्ही तळवे जोडून झाकंल एवढा. पहिला नीट काप, मग बाकीचे त्याच्यावर ठिवून काप. आदल्या तुकड्यावर दुसरा मापशील, दुसऱ्यावर तिसरा मापशील, तर शेवटचा पहिल्याशी जुळणार न्हाई."

चौकोन झाले. आत्यानं ते अंगणात मांडायला लावले, दगड ठेवून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. "गडद असंल त्याच्या शेजारी फिकं ठिव. काळ्याला काळं लागलं की तिथं खड्डा दिसतो. उठ आणि लांब जाऊन बघ. डोळं बारीक करून बघ. जिथं नजर अडंल तिथला तुकडा हलव." दुर्पा कुंपणापर्यंत जायची, बघायची, येऊन हलवायची, पुन्हा जायची. आत्याला कंटाळा आला, पाठ दुखू लागली, तरी तिला उठवेना. किती वर्षांनी ती कुणालातरी काम करताना नुसती बघत होती.

सगळे चौकोन बसले आणि बरोबर मधोमध दोन जागा रिकाम्या राहिल्या.

"तिथं काय लावतीस?"

दुर्पानं कमरेच्या पिशवीतून दोन झबली काढली. एक पिवळं होतं, एक पांढरं. वीतभरही नव्हती. आत्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. तिला गालाला लावावं लागलं नाही. अंगणाच्या ह्या टोकावरून तिला ऐकू आलं.

"ती आत घाल," ती म्हणाली. "मधल्या थरात. बारीक टाका घाल वरनं."

"न्हाई."

"पोरी, मी सांगते ते ऐक. ती अंगाला लागू देऊ नको. त्या लेकराला सोसायचं न्हाई ते."

"तिची भावंडं हायती ती," दुर्पा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "समद्यांच्या घरी जाऊन मी समद्यांचं ऐकलं, आत्या. मला कुणी इचारलं न्हाई, तुझी कशी गेली. घरात नाव काढू देत न्हाईत. तुमीबी म्हणता आत घाल. मी न्हाई आत घालणार. वरच लावणार. मधोमध."

आत्या बघत राहिली. तिनं आयुष्यभरात जेवढ्या गोधड्या शिवल्या, त्यांतल्या एकीतही असं रडणं वर लावलं नव्हतं. तिला भीती वाटली. बाळाची वाटली, स्वतःचीही वाटली. पण वाद घालायला तिच्यात ताकद नव्हती, आणि पोरगी तर रडत उभी होती, दोन्ही हातांत दोन झबली धरून.

"मग सांग," आत्या म्हणाली. "कशी गेली?"

दुर्पा अंगणातच बसली आणि तिनं सांगितलं. ते काय होतं, ते गावाला माहीत नाही. त्या दोघींच्यातच राहिलं.

त्यानंतर ती शिवायला बसली. खाली अस्तराचं लुगडं, त्यावर मऊ कापडांचे थर, त्यावर चौकोन. कडेपासून सुरू करायचं आणि फिरत फिरत आत यायचं, म्हणजे चुण्या मध्ये साठत नाहीत. दुर्पाचे टाके वाकडे पडत. कुठं लांब, कुठं आखूड, कुठं आधीच्या रांगेवर चढलेले. ती उसवायला जायची, तेव्हा आत्या म्हणायची, "ऱ्हाऊ दे. पुढं चल. पहिलीचे टाके सरळ नसत्यात. धरून ठेवत्यात का, एवढंच बघ." दोरा कडेकडून आत सरकत होता आणि इकडं थंडी वाढत होती. सकाळी बाळाचे ओठ जांभळे व्हायचे ते आता दुपार झाली तरी तसेच राहायचे. दुर्पा बाळाला पोटाशी बांधून शिवायची.

ज्या दिवशी शेवटचा टाका मधल्या पिवळ्या झबल्यापाशी येऊन संपला, त्याच दिवशी गारमाळावर धुकं उतरलं. तसलं धुकं त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. दिवस उगवायचा, पण सूर्य दिसायचा नाही. हंड्यातल्या पाण्यावर पापुद्रा धरला. विहिरीचा दोर काठीसारखा ताठ झाला. झाडांवरच्या पाखरांनी पंखांत माना घातल्या आणि ती खाली पडली, तरी त्यांच्या माना पंखांतच होत्या, असं म्हणतात.

दुर्पानं गोधडी आपल्या घरात जमिनीवर अंथरली, वर बाळाला ठेवलं आणि अर्धी वरून घेतली. मग धुक्यातून चाचपडत जाऊन आत्याला हाताला धरून घेऊन आली.

"बघा आता," ती म्हणाली. "लावा गाल."

आत्या गुडघ्यावर बसली. तिला फार भीती वाटत होती. तिनं डोळे मिटले आणि मधल्या दोन चौकोनांवर गाल टेकवला.

तिला काही ऐकू आलं नाही. बाळाचा श्वास तेवढा येत होता, एकसारखा. तिनं कान देऊन देऊन ऐकलं. अख्ख्या गावाचं कापड होतं त्यात. मेलेल्यांचं, गेलेल्यांचं, टाकलेल्यांचं. सगळं गप्प होतं. वर्षानुवर्षं तिच्या कानात जी कुजबूज चालू होती, ती थांबली. तिला कळेना की आपल्याला नेमकं काय होतंय. मग लक्षात आलं, की झोप येतेय.

"मी जरा टेकू का गं हितं?" तिनं विचारलं. परक्या घरी आलेल्या लहान पोरीनं विचारावं तसं.

"टेका की, आत्या."

आत्या बाळाच्या कुशीला आडवी झाली. दुर्पानं गोधडी तिच्या खांद्यावर ओढली. थोड्या वेळानं तिनं बघितलं, तर आत्याची बोटं हलायची थांबली होती.

धुकं हटेना. शेजारीण आली, तिचं पोर काळंनिळं पडलं होतं. आजवर ही दुर्पाला दुधाला हात लावू द्यायची नाही. दारात येऊन उभी राहिली. दुर्पानं गोधडीचा एक कोपरा उचलला आणि म्हणाली, "घाला आत." मग दुसरी आली. मग वरच्या आळीतल्या आल्या. खणाचा काठ देणारा म्हातारा नातवाला पाठीवर घेऊन आला. दुर्पा कोपरा उचलायची आणि पोर आत जायचं. गोधडी तर एका बाळाच्या मापाची शिवलेली. पण प्रत्येक वेळी कोपरा उचलला की खाली जागा असायची, आणि प्रत्येक वेळी कड पोराच्या हनुवटीपर्यंत पुरायची. गोधडी वाढत होती की पोरं लहान होत होती, ते तिथं असलेल्या कुणालाच सांगता आलं नाही. सगळ्या गावाची पोरं तिच्याखाली मावली आणि एक कोपरा तरीही उरला, असं म्हणतात.

मग एकदा सकाळी धुकं फाटलं आणि ऊन दारातून आत आलं. पोरं एकेक करून बाहेर निघाली. गाल लाल झाले होते, सगळ्यांना भुका लागल्या होत्या. दुर्पाच्या मुलीनं मोठ्यांदा भोकाड पसरलं. तिचे ओठ जास्वंदीसारखे झाले होते. सासूनं तिला उचललं, आणि त्याच दुपारी, कुणाला न विचारता, तिचं बारसं केलं.

आत्या निजलेली होती. कुणीतरी म्हणालं, "उठवा, चार घास खाऊ द्या." दुर्पा आडवी आली. "कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "दमलीय ती."

पुढचं वेगवेगळं सांगतात. कुणी सांगतात, की आत्याचा श्वास हळू होत होत संध्याकाळपर्यंत थांबला, आणि तिच्या तोंडावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. कुणी सांगतात, दुर्पानं शेवटी गोधडी उचलली तेव्हा खाली कुणीच नव्हतं. जमीन तेवढी कोमट होती, आणि ती पुढं किती दिवस कोमटच राहिली, मांजरं तिथून हलत नव्हती. खरं काय, ते दुर्पाला ठाऊक. तिला विचारलं की ती म्हणायची, "आत्याला झोप लागली."

दुर्पा पुढं फार म्हातारी होईपर्यंत गोधड्या शिवत राहिली, आणि ज्यांना शिकायचं होतं त्या सगळ्यांना तिनं शिकवलं. तिचे टाके शेवटपर्यंत वाकडेच पडायचे.

आजही गारमाळात कुणी पहिली गोधडी शिवायला घेतली, मग ती सून असो नाहीतर हौसेनं बसलेला पोरगा असो, तर आधी गावात फिरावं लागतं. घरात जाऊन बसायचं, कापड हातात घ्यायचं आणि विचारायचं, हे कुणाचं? सांगणारा सांगून संपेपर्यंत उठायचं नाही. कापडं सुतीच घ्यायची, चौकोनच कापायचे, आणि त्या घरातून जे माणूस गेलं असेल त्याचा तुकडा मधोमध, वरच्या अंगाला लावायचा. तो शिवताना त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. हे कुणी चुकवत नाही.

आणि गोधडी पुरी झाली, की ती लगेच कुणी अंगावर घेत नाही. आधी ओट्यावर उन्हात अंथरतात, एक कड दुमडून, कुणीतरी येऊन शिरावं अशी. उन्हं कलेपर्यंत ती तशीच रिकामी असते. तेवढा वेळ त्या आळीत जातं बंद ठेवतात. भांडी घासत नाहीत. कुत्री भुंकली तर पोरं त्यांना लांब घेऊन जातात. परगावचा माणूस त्या वाटेनं मोठ्यानं बोलत आला, तर दारातली बाई ओठांवर बोट ठेवते.

"हळू बोला," ती सांगते. "आत्या निजलीय."